एक्झॉस्ट बदलायचाय, पण लांबच्या राईडला डोकं उठतं, काय करू?

घाटवेडा:

मंडळी नमस्कार. गाडी ४०० सीसी सिंगल सिलिंडर, अडीच वर्षं झाली, अजून कंपनीचाच सायलेन्सर आहे. पण आता तो आतून खुळखुळायला लागलाय, थंड असताना हाताने हलवला तरी आवाज येतो, म्हणजे आतली जाळी नाहीतर पार्टिशन तुटलंय बहुतेक. बदलावा लागणारच, तर म्हटलं आता बदलतोच आहोत तर जरा चांगला स्लिप-ऑन (फक्त मागचा डबा बदलतात तो) टाकू, वजन पण कमी होईल. मला तो जाड खर्जातला आवाज मनापासून आवडतो, ते काही लपवत नाही.

पण गोची अशी आहे की आम्ही दोघं लांब जातो, दिवसाला ३०० ते ४०० किमी, बायको मागे असते. संध्याकाळी उतरलो की दोघांचंही डोकं उठलेलं असतं, समोरचा बोलतो ते कानात कापूस घातल्यासारखं ऐकू येतं, आणि हे सगळं कंपनीच्या सायलेन्सरवर बरं का. मागच्या वेळी घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली की पुढच्या वेळी तू एकटाच जा. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं, पण तिला खरंच सहन होत नाहीये.

त्यात परवा मित्राची सेम गाडी चालवून बघितली, त्याने छोटा कार्बनचा डबा टाकलाय. उभ्या गाडीवर रेस केली की काय सुंदर वाजतो! पण हायवेला ९० च्या आसपास लावली आणि घूंऽऽऽ असा एक आवाज डोक्यात बसला तो उतरेपर्यंत गेला नाही. तर मग असा एक्झॉस्ट मिळतो का की आवाज छान पण लांबच्या राईडला त्रास नाही? आणि तो घूं आवाज नक्की कशाने येतो?

दहाचा पाना:

घाटवेडा भाऊ, तू दोन वेगळे त्रास एकत्र बांधलेत, ते आधी सोडवू.

संध्याकाळी कानात कापूस घातल्यासारखं होतं ना, त्यात एक्झॉस्टचा वाटा फार कमी आहे, ते वाऱ्याचं काम आहे. साधारण ६०-६५ च्या पुढे हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज इंजिन आणि एक्झॉस्ट दोघांनाही गिळून टाकतो, आणि १०० च्या स्पीडला चांगल्या फुल फेस हेल्मेटमध्येसुद्धा ९५ ते १०० डेसिबल सहज होतात. कारखान्यातल्या कामगारांसाठी जी मर्यादा धरतात ती ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आता तुझे सहा-सात तास यात कुठे बसतात ते तूच बघ. त्यामुळे एक्झॉस्टवर एक रुपया घालायच्या आधी इअरप्लग घे, दोघांसाठी. त्याबद्दल बाकीचे सांगतीलच, मी पाईपवर येतो.

तो घूं आवाज म्हणजे ड्रोन. तुझं सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमागे एकदा फायर होतं. म्हणजे ४८०० आरपीएमला मिनिटाला २४०० धमाके, सेकंदाला ४०. ४० हर्ट्झ म्हणजे अगदी खालचा खर्ज, तो कानापेक्षा छातीत आणि कवटीत जास्त जाणवतो. आता कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आत कप्पे असतात, गॅस या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरवून लाटेवर लाट आपटवून तो खर्ज मारतात, म्हणून तो डबा एवढा मोठा आणि जड असतो. बाहेरचे बहुतेक स्लिप-ऑन सरळ पाईपचे असतात, मध्ये भोकांची नळी आणि भोवती ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांचा कापूस. ग्लासवूल वरचा कर्कश आवाज छान शोषते पण खालच्या खर्जापुढे तिचं फारसं काही चालत नाही. त्यात डबा छोटा असेल तर संपलंच. मित्राच्या गाडीवर तू नेमकं तेच ऐकलंस, उभ्या गाडीवर गोड आणि क्रूझिंगला भुंगा.

म्हणून माझं सांगणं एवढंच की उभ्या गाडीवर रेस करून किंवा मोबाईलवर व्हिडिओ ऐकून एक्झॉस्ट कधीच घेऊ नकोस. मोबाईलच्या स्पीकरमधून ४० हर्ट्झ येतच नाही मुळी. तू ज्या आरपीएमला दिवसभर असतोस, टॉप गिअरला ८५-९५ ला काटा कुठे असतो ते बघून घे, आणि तोच पाईप लावलेली तुझ्याच मॉडेलची गाडी त्याच आरपीएमला निदान अर्धा तास चालव. आणखी एक, लोक मोबाईलच्या अ‍ॅपवर डेसिबल मोजतात. ती अ‍ॅप बहुतेक वेळा ए-वेटिंगने, म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या हिशोबाने मोजतात, त्यात ४० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३५ डेसिबलने कमी धरला जातो. आकडा छान दिसतो आणि डोकं मात्र दुखतंच.

घेताना लांब आणि पोटाला मोठा डबा घे, डीबी किलर (डब्याच्या तोंडात बसणारा आवाज कमी करणारा तुकडा) काढता-घालता येणारा असेल तरी तो आत ठेवूनच चालव. स्लिप-ऑनच घे, फुल सिस्टिमच्या नादी लागू नकोस. स्लिप-ऑनला फक्त मागचा डबा बदलतो, फुल सिस्टिमला इंजिनच्या हेडपासून बेंड पाईपसकट सगळंच जातं, बहुतेक वेळा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पण जातो आणि मग ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) मॅप करून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर चालते आणि तापते. आधी तुझा कॅट कुठे आहे ते बघ. बेंडमध्ये असेल तर डबा बदलून काही बिघडत नाही, डब्यातच असेल तर प्रदूषणाच्या नियमाचा प्रश्न येतो.

आणि ते "बॅकप्रेशर (बाहेर पडणाऱ्या गॅसला पाईपात होणारा अडथळा) कमी झालं म्हणून पिकअप गेला" वगैरे कोणी सांगेल तर ऐकू नकोस. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनला नको असतं. एक्झॉस्टमधून निघालेला गॅस वेगात असला की मागे थोडी पोकळी सोडतो आणि ती पोकळी सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पाईप गरजेपेक्षा जाड टाकला की हा वेग पडतो आणि खालचा दम जातो, एवढीच गोष्ट आहे.

जुनी किक:

वरती दादांनी तासांचा हिशोब दिलाय तो सगळ्यांनी कुठेतरी लिहून ठेवा. मी वीसेक वर्षं इअरप्लगशिवाय गाडी चालवली. त्या काळी कोणी सांगितलं नाही असं म्हणणार नाही, एकाने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

आता मला चोवीस तास कानात शिट्टी वाजते. प्रेशर कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ बारीक सुंईऽऽ करते ना, तसा आवाज, दोन्ही कानात, उजव्यात जास्त. दिवसा कामात विसरायला होतं पण रात्री दिवा बंद केला की खोलीत तेवढाच आवाज उरतो. थंडीतसुद्धा पंखा लावून झोपतो, कारण पंख्याच्या आवाजात ती शिट्टी जरा बुडते. यावर औषध नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत.

घाटवेडा, तू म्हणतोस ना की संध्याकाळी कापूस घातल्यासारखं होतं, सकाळी बरं वाटत असेल, पण तो कानाने दिलेला इशारा आहे. मला पण सकाळी बरं वाटायचं. कित्येक वर्षं वाटत होतं, मग एक दिवस नाही वाटलं.

फोमचे प्लग घालायची पण पद्धत असते, नुसता कोंबून चालत नाही. हात स्वच्छ धुवायचे, प्लग बोटांत फिरवून फिरवून उदबत्तीच्या काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतला मार्ग सरळ होतो, मग प्लग आत सारून बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. बाहेर टोक राहिलं तर हेल्मेट घालताना गालाची गादी त्याला खेचून काढते, हा नवशिक्यांना हमखास येणारा अनुभव आहे, दोन-तीनदा होऊनच जमतं. आणि काढताना हळूहळू फिरवत काढायचा, झटक्यात ओढायचा नाही.

धडधड:

सगळं बरोबर आहे पण मला एक बोलायचंय. तुम्ही सगळे मोठ्या आवाजाला एकदम गुन्हेगारच करून टाकलंत. माझा पाईप मोठा वाजतो आणि त्यामुळे मी वाचलोय असं मला खरंच वाटतं, गाडीवाले आरशात बघत नाहीत हो, आवाज आला की निदान दचकून बघतात तरी. आणि गाडीचा आवाज हा गाडीचा जीव आहे, तो काढून टाकला तर मग स्कूटर काय वाईट. शिवाय कानात बोळे घालून चालवायचं म्हणजे हॉर्न ऐकू येणार नाही, ते जास्त धोक्याचं नाही का?

दहाचा पाना:

धडधड भाऊ, आवाजावर प्रेम माझंही आहे, त्यावर वाद नाही. पण एक्झॉस्टचं तोंड मागे असतं. तुला ज्याची भीती आहे तो पुढचा आहे, वळणारा, लेन बदलणारा, काचा लावून आत गाणी लावलेला. त्याच्यापर्यंत आवाज पोचतो तेव्हा तू जवळजवळ त्याच्या दाराशी आलेला असतोस. आवाज सगळ्यात जास्त कोण ऐकतं तर तू, तुझ्या मागे बसलेला माणूस, आणि रस्त्याच्या कडेला ज्यांची घरं आहेत ते. पुढच्याला दिसायचं असेल तर हेडलाइट चालू, जॅकेट उठून दिसेल असं आणि त्याच्या ब्लाइंड स्पॉटमध्ये रेंगाळायचं नाही, याचा उपयोग जास्त.

हॉर्नचं म्हणशील तर एकदा प्लग घालून बघच. प्लग सगळंच खाली आणतो, वारा पण आणि हॉर्न पण, त्यामुळे हॉर्न वाऱ्याच्या वर तसाच उठून येतो. उलट कानावरचा भार कमी झाल्याने इंजिनची टिकटिक, चेनची खरखर जास्त सुटी ऐकू येते. मी तर चेन सैल झालेली प्लग घातलेला असतानाच पकडली होती.

आणि नियमाचा भाग पण बघ. युरोपच्या मान्यतेचा पाईप असेल तर त्यावर गोलात ई आणि आकडा कोरलेला असतो. ती मान्यता डीबी किलर आत असतानाची आहे, काढला की गेली. तिथल्या नियमात ताकदवान गाड्यांना चालत्या चाचणीत ७७ डेसिबलची मर्यादा आहे. उभ्या गाडीची चाचणी वेगळी, त्यात एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटरवर ४५ अंशात माईक धरतात. ऑस्ट्रियात टिरोलमध्ये २०२० पासून काही डोंगररस्त्यांवर उन्हाळ्यात, ज्या गाड्यांच्या कागदावर उभ्या चाचणीचा आकडा ९५ च्या वर आहे त्यांना जाऊच देत नाहीत, मग पाईप कंपनीचा असला तरी. रस्त्यालगतचे लोक वैतागले की असं होतं, आणि मग शांत गाडी चालवणाऱ्यांचेही रस्ते बंद होतात, हे मला मनापासून वाईट वाटतं.

मागची सीट:

मी अर्धी वर्षं स्वतः चालवते आणि अर्धी वर्षं नवऱ्याच्या मागे बसते, त्यामुळे घाटवेडा दादा तुमच्या बायकोच्या बाजूने बोलते, कारण इथे सगळे पुढच्या सीटवरूनच बोलतायत.

मागे बसणाऱ्याला दोन गोष्टी जास्त लागतात. एक म्हणजे एक्झॉस्टचं तोंड आमच्या पायाशी असतं, तुमच्यापेक्षा कितीतरी जवळ, आणि वर वळवलेला छोटा डबा असेल तर थेट मांडीखाली. दुसरं म्हणजे तुमच्या विंडशिल्डवरून आणि तुमच्या खांद्यांवरून सुटलेला वारा गोल गोल फिरत आमच्या हेल्मेटवर आदळतो. तुम्ही स्वच्छ वाऱ्यात असता, आमचं डोकं धपाधप हलत असतं. मान धरते ती त्याने. आणि आमच्या हातात ना एक्सलेटर ना ब्रेक, आवाज कमी करायला काहीच करता येत नाही, याचाही थकवा येतो.

म्हणून नवीन पाईप ट्राय करताना तिला मागे बसवून ट्राय करा, अर्धा तास, आणि उतरल्यावर तुम्ही आधी काही बोलू नका, तिला बोलू द्या.

वाऱ्याचं बघायचं असेल तर सोपी टेस्ट आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर ७०-८० ला असताना फूटपेगवर किंचित उभं राहून डोकं वरच्या वाऱ्यात न्यायचं. आवाज एकदम गुळगुळीत झाला तर दोष विंडशिल्डचा, तिच्या वरच्या कडेवरून निघणारा गोंधळ तुमच्या हेल्मेटवर येतोय. मग शिल्ड उंच करून उपयोग होतोच असं नाही, कधीकधी आखूड केलेली जास्त शांत असते कारण वारा निदान सरळ येतो. आमच्या गाडीला खालून थोडी फट ठेवून शिल्ड बसवली, मागची पोकळी भरली आणि धपधप निम्म्यावर आली.

बाकी बारीकसारीक, हेल्मेटला हनुवटीखालचा पडदा लावा, गळ्याभोवती मऊ कापड नीट गुंडाळा, कारण आवाज सगळ्यात जास्त खालून मानेच्या फटीतून शिरतो. आणि इंटरकॉमवर गाणी लावायची असतील तर प्लग घालूनच लावा. प्लगशिवाय वाऱ्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवत नेतो आपण, आणि मग १०० डेसिबलच्या वाऱ्यावर आणखी गाण्याचा मारा होतो.

घाटवेडा:

सगळ्यांचे आभार, दोन रविवार गेले पण सांगितलेलं सगळं करून बघितलं.

पहिल्या रविवारी काहीच बदललं नाही, फक्त दोघांनी फोमचे प्लग घातले. जुनी किक काकांनी सांगितलं तसंच, तिला पहिल्या वेळी जमले नाहीत, उजवा हेल्मेटबरोबर बाहेर आला, तिसऱ्या वेळी बसले. २१० किमी करून आलो. उतरल्यावर मी गप्प राहिलो, ती हेल्मेट काढून प्लग हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, अरे, चिमण्या ऐकू येतायत. एरवी उतरल्यावर अर्धा तास काहीच ऐकू यायचं नाही. मला एकदम गलबलून आलं, कारण इतकी वर्षं हे असंच असतं म्हणून मी तिला नेत होतो.

पेगवर उभं राहून पण बघितलं, आवाज नक्की बदलला, म्हणजे शिल्डचा दोष आहेच. ती एक इंच खाली घेतली, माझ्या खांद्यावर वारा जास्त येतो पण डोकं शांत आहे.

दुसऱ्या रविवारी दोन पाईप ऐकले. एक तो मित्राचा छोटा कार्बनचा. माझ्या गाडीला ९० ला ४७०० येतात, आणि बरोबर ४५०० पासून ५००० पर्यंत तो भुंगा सुरू, ५३०० ला गेलो की गायब. प्लग घालूनही तो छातीत लागत होता, म्हणजे दादांनी सांगितलं तसंच, खर्ज प्लगला जुमानत नाही. दुसरा लांब स्टीलचा डबा होता डीबी किलरसकट, खाली आवाज साधाच, थोडा जाडसर, कोणी मान वळवून बघणार नाही असा, पण ४७०० ला दिवसभर बसता येईल. बायकोने तोच म्हटला. कॅट बेंडमध्ये आहे तेही बघून घेतलं. डबा आलाय, शनिवारी स्वतःच बसवणार आहे, काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा.

दहाचा पाना:

वा, मस्त काम केलंस!

गाडी पूर्ण थंड असू दे. सांध्याचा नट-बोल्ट गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेव, सकाळी जोर लावून मोडून घेऊ नकोस. जुना गॅस्केट (सांध्यात गॅस गळू नये म्हणून बसवलेली चकती) परत वापरू नकोस, तो एकदा दबला की दबला. तिथून हवा शिरली की एक्सलेटर सोडल्यावर फट फट फुटायला लागतं, कारण गरम पाईपात उरलेलं पेट्रोल त्या हवेने पेटतं, आणि लोक मग ईसीयूला दोष देत बसतात.

सगळे बोल्ट आधी हातानेच लाव, सैल ठेव, डबा आपल्या जागी निवांत बसू दे. मग आधी सांध्याचा क्लॅम्प आवळ आणि ब्रॅकेटचा बोल्ट सगळ्यात शेवटी. उलटं केलंस तर पाईपावर ताण राहतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेटला तडा जातो. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि डब्यात बोटभर जागा आहे ना ते बायकोला मागे बसवून सस्पेन्शन दाबून बघ. बॅग लावत असशील तर ती लावून बघ, बॅगेचं कापड डब्याला टेकलं तर पहिल्याच ट्रिपला वितळेल.

स्टार्ट करायच्या आधी पूर्ण डबा आणि पाईप स्पिरिटच्या फडक्याने पुसून घे. बोटांचं तेल स्टीलवर राहिलं तर पहिल्या गरमीत ठसे भाजून पक्के होतात, मग कितीही घास, जात नाहीत. माझ्या गाडीच्या डब्यावर माझा डावा अंगठा कायमचा छापलेला आहे.

५० किमी झाले की थंड करून परत एकदा आवळ. आणि पुढे वर्ष-दीड वर्षाने आवाज हळूहळू फाटल्यासारखा, पत्र्यासारखा यायला लागला तर पाईप खराब झाला समजू नकोस, आतली ग्लासवूल जळून उडालेली असते, रिवेट काढून नवी भरता येते. भरताना हातमोजे आणि मास्क घाल, ती अंगाला फार चावते.

मागची सीट:

आणि प्लगच्या दोन जोड्या तिच्याच जॅकेटच्या खिशात ठेवा, तुमच्या नाही. राईडच्या सकाळी गडबडीत नेमके तेच घरी राहतात.

घाटवेडा:

आत्ताच ठेवले, डाव्या खिशात. ती विचारतेय शनिवारी डबा बसला की रविवारी कुठे जायचं.